साठवणीचं पाणी

एकतीस वर्षं उद्यमबागेत काढली, ओतशाळेत.
लोखंडाचा रस बघितला रोज,
केशरी, पातळ, दुधावरच्या सायीसारखा हलणारा.
अंगावर एक शिंतोडा नाही.
आणि रिटायर झाल्यावर सातव्या महिन्यात
भाकरीनं भाजलो.

फुगली म्हणून हौसेनं बोट लावलं.
तिच्या पोटातली वाफ सुटली,
हात दचकला तो थेट तव्यावर.
बायको गडहिंग्लजला, लेकीच्या बाळंतपणाला.
नळाला पाणी यायला अजून चार दिवस.
मी ओरडलो नाही असं मी म्हणतो,
गल्ली वेगळं सांगते.

माडीवरचा पोरगा टूथपेस्ट घेऊन धावला,
झाकण वाटेतच काढलेलं.
पिराजी म्हणाला, शाई लाव, शाई,
शाळेत असताना आमी शाईच लावूलतो.
कुणी बटाटा किसायला बसलं.
ज्यांच्याकडं फ्रीज आहे त्यांनी वाटीभर बर्फ आणला,
फ्रीज आहे हेही जाता जाता कळलं सगळ्यांना.
माझा हात मधोमध धरलेला,
आहेर घ्यायला धरावा तसा.

मग पलीकडच्या दारातून दुंडव्वा आली.
संक्रांतीपासून आमचं बोलणं बंद.
कारण घागर. नळावरचा नंबर.
तिनं आमची सरकवली, मी तिची लाथाडली,
मग ती कानडीत, मी मराठीत.
दोघांनाही एकमेकांचं सगळं कळत होतं,
तीच तर अडचण.

आली ती कुणाकडं न बघता.
टूथपेस्ट पोराच्या खिशात कोंबली,
बर्फ मोरीत ओतला.
सरकारी दवाखान्यात झाडलोट करते ती,
तिथल्या सिस्टरबाईंचं बघून बघून शिकलेली.
"कै कोडरी," म्हणाली,
आणि मी दिला हात.

आधी अंगठी.
सूज चढली की मग कापावीच लागंल, म्हणाली.
साबण लावून, फिरवत फिरवत
सव्वीस वर्षांची अंगठी सुटली.
खाली बोट पांढरं, कोवळं,
कुणा दुसऱ्याचं असल्यासारखं.

मग तिनं घरातून हंडा आणला.
साठवणीचा. वर फडकं बांधलेला.
तांब्यानं बारीक धार धरली माझ्या तळहातावर,
ना जोरात, ना थेंबाथेंबानं.
"उरी ऐती?"
"हूं."
"इन्ना स्वल्प."

मी मनात शब्द लावत होतो, आग, भगभग,
आता नुसती चुरचुर.
ती एका उरीवरच भागवत होती.
धार थांबली की दुखणं परत यायचं
उंबऱ्यावर थांबलेल्या उधारीवाल्यासारखं,
धार लागली की मागं सरायचं, पण पुरतं जायचं नाही.
भिंतीवरच्या घड्याळात वीस मिनिटं कशी जातात
हे मला तेव्हा कळलं.

हंड्याचा तळ दिसायला लागला.
मी हिशेब केला. चार दिवस. तिघं माणसं. एक म्हस.
"साकु," मी म्हणालो.
"अजून थोडं," ती म्हणाली.

नंतर धुतलेलं सुती फडकं, सैल, घट्ट नाही.
फोड आला तर फोडायचा नाही,
तो आपला आपण बसतो.
पॅरासिटामॉलची एक गोळी.
आणि हात वाढला, पांढरा पडला, पू धरला
तर दवाखान्यात या, मी असते तिथं,
असं म्हणाली आणि रिकामा हंडा कमरेला लावून गेली.
लाल तोंडाचा पिराजी अजून शाई शोधत होता.

रात्री हात उशीवर ठेवून झोपलो.
गडहिंग्लजहून फोन आला, मुलगी झाली,
आणि तू काय खाल्लंस?
भाकरी, म्हणालो.

चौथ्या दिवशी पहाटे नळ खाकरला.
मी आधी दुंडव्वाची घागर लावली,
डाव्या हातानं उचलून तिच्या दारात नेली,
नेता नेता अर्धी सांडली.
ती बाहेर आली, ओल्या पायरीकडं बघितलं,
आणि कानडीत जे काही बोलली
ते मला शब्दन्‌शब्द कळलं.